दाराआडचे एकवीस फूट

॥ श्री ॥
लालबाग, शुक्रवार

प्रिय मधुरा,

पाच वर्षांनी तुला लिहायला बसले आहे.

बाहेरची खोली रंगवायला काढली आहे. रंगारी राकेश दारातूनच नजर टाकून म्हणाला, काकी, दहा लिटर लागेल. मी मॅट्रिक असले तरी क्षेत्रफळ विसरलेले नाही. ब्लाउज मापायची टेप घेऊन स्वतः बसले. भिंती चारशे चाळीस चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता तीनशे ऐंशी. दोन हात द्यायचे तर लिटरला पंचावन्न फूट, म्हणजे सातच लिटर! तुझे बाबा म्हणाले, मधल्या दाराआडची भिंत कशाला धरतेस, कुणाला दिसतेय? एरवी रंगात लक्ष न घालणारा माणूस तीनदा तेच म्हणाला. मला वाटलं, चला, माझी काटकसर एकदाची यांच्या अंगी बाणली!

पण वजा करायचं तरी माप हवंच. आज ते दुधाला गेल्यावर पिठाचा डबा सरकवला नि कधीच न लावलेलं ते दार ओढलं. तुझ्या उंचीच्या रेघा तिथे आहेत, हे ठाऊक होतं. पण शेजारी नव्या रेघा! मनवा, मनवा, मनवा. सगळ्या तारखा गुरुवारच्या. शेवटची कालची, शिसं बोटाला लागलं. मुलगी झाल्याचं कानावर होतं, नाव मी विचारलं नव्हतं. नातीचं नाव भिंतीवर वाचलं गं!

तू सम्यकशी नोंदणी लग्न केलंस तेव्हा दत्तासमोर शपथ घेतली होती, पुन्हा तोंड बघणार नाही. आणि दर गुरुवारी मी त्याच दत्ताच्या भजनात टाळ्या वाजवत असताना तुम्ही माझ्याच घरात! डब्यातले दोन लाडू कमी व्हायचे, मी यांच्या साखरेच्या नावाने ओरडायचे. हे मुकाट ऐकून घ्यायचे.

आज हे दूध घेऊन आले, सरकवलेला डबा पाहिला नि पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले. एवढंच म्हणाले, "आता पुसणार?"

मी लगेच राकेशला निरोप धाडला, साडेसहा लिटर. दाराआडच्या एकवीस फुटांना ब्रश लावायचा नाही.

पुढच्या गुरुवारी मी भजनाला जाणार नाही. मनवाला आण. सम्यकरावांनाही. टेप लावून पाहिली, सदतीस इंच भरली पोरगी. त्या वयात तू पस्तीस होतीस. पण यांच्या रेघा तिरक्या आहेत. डोक्यावर पट्टी मी धरेन.

तुझीच,
आई