पेढ्यातली गोळी

सोमवार, संध्याकाळ

टायगरला आज उंब्रजहून कराडला डॉक्टरांकडे नेलं. कुत्रा म्हातारा झालाय, बसला की मागचे पाय उचलत नाहीत. सांध्यांसाठीची गोळी वडील, म्हणजे आबा, रोज नेमानं देतात. तरी चाल बिघडतेय कशी?

डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं. वजन भलतंच वाढलेलं.

"आजोबा, गोळी कशातून देता?"

"पेढ्यातनं. साताऱ्याचा कंदी पेढा. त्याबिगर त्यो तोंड उघडत न्हाई."

"रोज एक पेढा?"

"सकाळी गोळीचा. सांजंला बिनगोळीचा. वाट बघत बसतोय वो."

बाई हसल्या नाहीत. पायांवर एवढा भार पडला तर गोळी काय करणार, म्हणाल्या. पेढा बंद. जिना तर कायमचा बंद, नाहीतर पाय जातील.

पेढे साताऱ्याहून मीच आणतो. आमच्यात गोड कोण खातं, हे कधी मनातही आलं नाही. वाईट वाटायला हवं होतं. घरी येऊन पेपरसाठीचा उद्याचा लेख वेळेत पाठवला, चहा घेतला. काहीच वाटलं नाही.

आई गेल्यापासून टायगर माडीवर आबांच्या खाटेखाली झोपतो. आता कुठे झोपेल? विचारावं म्हणून उठलो, तर आबा गादी जिन्यावरून खाली ओढत होते.

"आबा, खाली डास आहेत."

"असू द्यात. त्येला जिना बंद झालाय, मग मला वर काय काम रं? धर ते टोक."

मी टोक धरलं.