नोव्हेंबरचा दुसरा रविवार

कॉटल स्प्रिंग्ज, टेक्सास
१२ ऑक्टोबर १९८२

चि. थर्मनला आर्डिथताईचे आशीर्वाद.

पेकानची चिक्की पोचली. दात काढून घेतलेल्या बहिणीला चिक्की पाठवणारा भाऊ लाखात एक! कॉफीत बुडवून खाल्ली.

आपल्या धर्मप्रांताचे दोन तुकडे झाल्याचं अधिवेशनाहून परतलेल्या मिसेस लव्हेटकडून कळलं. गुडघ्यापायी यंदा प्रांताच्या वार्षिक अधिवेशनाला आले नाही, तर नेमका तेव्हाच तुम्ही डाव साधलात. फाळणीच्या ठरावाच्या बाजूने तू पहिल्या फटक्यात उभा राहिलास म्हणे. आता नदीच्या पूर्वेला तुम्ही, पश्चिमेला आम्ही. अधिवेशनंही वेगळी. बारा वर्षं त्या निमित्ताने तरी आपण भेटत होतो. उगाच कुणाकडे जायची आपल्या घरात रीत नाही.

आणि ती प्रार्थनेची यादी, दर रविवारी एकेका चर्चसाठी! नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी प्रांतातल्या सगळ्या चर्चमध्ये आमच्या सेंट ॲल्बन्सचं नाव घेतलं जायचं. आम्ही उरलोय पाच जण. तिकडे थर्मन आपलं नाव वाचतोय, म्हणजे आपण अजून आहोत, असं वाटायचं. आता तुमच्या यादीत आम्ही कुठले?

राग आहे, पण लोभही आहे.
आर्डिथ

ब्रॅकन
२४ ऑक्टोबर

ती. आर्डिथताईस सा. न. वि. वि.

उभा राहिलो, खोटं कशाला बोलू? वॉल्टरभावजी गेले तेव्हा फादर दोन दिवस उशिरा पोचले, माती तुम्हीच दिलीत. चार वर्षांत बिशप तुमच्याकडे फिरकले नाहीत. जवळचा बिशप मिळाला तर तुमचे हाल थांबतील, एवढंच डोक्यात होतं. पुढच्या वर्षी शेजारच्या खुर्चीवर तू नसशील, हे उभं राहिल्यावर सुचलं. मग बसता येईना. उभ्या राहिलेल्यांची मोजणी सुरू झाली होती.

नवी यादी आली आहे. तुमचं नाव खरंच नाही. मला फार वाईट वाटलं.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.
तुझा थर्मन

ब्रॅकन
१५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

काल प्रार्थना वाचायची पाळी माझी होती. बायबलात जुनी यादी ठेवून गेलो आणि ‘सेंट ॲल्बन्स, कॉटल स्प्रिंग्ज’ असं मोठ्याने वाचलं. सगळे ‘आमेन’ म्हणाले. नंतर फादरांनी कोपऱ्यात घेऊन झापलं. डोळ्यांना नीट दिसत नाही, नाताळपर्यंत नवा चष्मा करतो, असं सांगून सुटलो. सत्तराव्या वर्षी चर्चमध्ये थाप मारली!

धाकट्यावर माया ठेव.
थर्मन

कॉटल स्प्रिंग्ज
२२ नोव्हेंबर

चि. थर्मनला आशीर्वाद.

त्या रविवारी इकडे रस्त्यांवर बर्फ होता. नव्या बिशपांनी नेमलेले नवे फादर पोचले नाहीत. बाकीचे चौघंही आले नाहीत. मी काठी टेकत गेले, स्टोव्ह पेटवला आणि अकरापर्यंत वाट पाहिली. मग सगळी उपासना एकटीनेच वाचली. रिकाम्या बाकांपुढे आपलाच आवाज ऐकून रडू आलं. यादीची वेळ आली तेव्हा मीही जुनीच काढली. तुमचा रविवार फेब्रुवारीतला, तरी तुमचंच नाव घेतलं. ‘आमेन’ म्हणायलाही मीच होते.

तुझं पत्र आल्यावर कळलं, त्या दिवशी तिकडेही कुणीतरी म्हणत होतं.

थर्मन, नवा चष्मा करू नकोस.

तुझी,
आर्डिथताई