पथारीवरची वेधशाळा

२२ नोव्हें., शनि.
भिजली. धानोरा रस्त्याच्या पथारीवर, उघड्या मैदानात वाळत घातलेली अर्ध्याहून जास्त मिरची भिजली. अजून चार दिवसांत पोत्यात गेली असती. मी विसरवाडीला होतो, ट्रक ठरवायला. हायवेवर चहा पिताना आभाळ जरा मळकट वाटलं होतं. पण फोन वाजला नाही. म्हटलं, सुपडू मुकादम आहे तिथे, काही असतं तर कळवलं असतं.

दु. तीनला पोचलो. ताडपत्र्या गुंडाळलेल्या, जिथल्या तिथे. बाया पावसात मिरची ओढतायत, जमिनीवर लाल पाणी.

सुपडूला सगळ्यांसमोर झापला. अठरा वर्षं मुकादमी करतोस, डोळे काय गहाण टाकलेस का, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "शेठ, वेधशाळा बंद शे."

दोन-तीन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या कुणाची मिरची असती तर मीही हसलो असतो.

२३ नोव्हें., रवि.
दिवसभर निवडानिवड. काळी पडलेली बाजूला, डाग पडलेली बाजूला. चांगला म्हणावा असा ढीग फार लहान.

हा सगळा माल इंदूरच्या मसालेवाल्यांचा होता. दोन वर्षं पूनम त्यांच्या मागे होती, यंदा कुठे नमुना पसंत पडला. पोरीने आज सकाळी मला न विचारता त्यांना फोन करून सांगून टाकलं, माल भिजला. मी भडकलो. मला विचारायचं नाही का?
"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, पप्पा."
म्हणालोच असतो. डाग निवडून पाठवू, बघू काय होतं ते, असंच काहीतरी केलं असतं. तिने खरं सांगितलं म्हणून त्यांनी वीस डिसेंबरपर्यंत थांबायचं कबूल केलं. नवा माल, तोच रंग. एकदाच. पुन्हा चुकलं तर ते आंध्रातून घेणार.

जेवताना भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरलो. उगाच.

२४ नोव्हें., सोम.
पू.ने मीटिंग घेतली. गोदामात सतरंजी, फळा, सगळ्यांना चहा-बिस्किट. फळ्यावर लिहिलं, "काय चुकलं?" प्रत्येकाने मोकळेपणी सांगायचं.
कोणी काही सांगेना. मग मीच उठलो. आपण सगळे एका घरातले, मनात ठेवू नका, मिळून काम करा. चांगलं बोललो असं मला वाटलं. सगळे म्हणाले, "बरोबर शे, शेठ." सुपडूसुद्धा.
बाहेर आल्यावर पू. म्हणते, "चाळीस मिनिटांची मीटिंग झाली. त्यात पस्तीस मिनिटं तुम्ही, पाच मिनिटं बिस्किटं."

२५ नोव्हें., मंगळ.
आज जमनाबाईजवळ जाऊन बसलो. सगळ्यात जुनी बाई. देठ खुडता खुडता तिचे डोळे आभाळाकडे असतात, हे मी बारा वर्षं बघतोय आणि कामचुकारपणा समजतोय. मीही चार मिरच्यांचे देठ खुडले. हात झोंबले. मग विचारलं, बाई, शनिवारी तुला पाऊस दिसला नव्हता का?

"व्हय, दिसना व्हता ना. वारा तापीकडथून ई ऱ्हायंता. धा वाजताच मी सुपडूले सांगं व्हतं."
"मग?"
"तो म्हने, तूच सांग शेठले."
"मग तू का नाही सांगितलंस?"
"मी कशाले सांगू? त्याले नाव पडनं, मन्हं बी पडी."

नाव म्हणजे वेधशाळा. दोन वर्षांपूर्वी सुपडूने ढग बघून सगळी मिरची गोळा करायला लावली आणि पाऊस काही आला नाही. दिवस फुकट गेला. तेव्हा मी सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालो होतो, "या, वेधशाळा, या!" पथारी हसून लोळली. मग काय, तेच नाव पडलं. मी ते लग्नाकार्यात सांगायचो. त्याच्या पोराच्या साखरपुड्यात नवे व्याही विचारत होते, "तुमच्यात ते वेधशाळा कोण?" तेव्हा सगळ्यात मोठ्याने मी हसलो होतो. सुपडू पाहुण्यांना पाणी देत होता.

तेव्हापासून त्याने मला आभाळाबद्दल एक शब्द सांगितलेला नाही. माझ्या लक्षातही आलं नाही.

२६ नोव्हें., बुध.
लाज वाटते. दुसरा शब्द नाही.
सौ.ला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड नाही हे मला बत्तीस वर्षं माहीत आहे. तुम्हाला आज कळलं?"
सुपडूकडे गेलो होतो, माफी मागायची असं ठरवून. समोर उभा राहिलो आणि ताडपत्र्या किती फाटल्यात ते विचारून आलो. सात फाटल्यात.

२९ नोव्हें., शनि.
तीन दिवस पू.शी वाद घालून एक गोष्ट ठरली. पथारीच्या कडेच्या कडुलिंबाला पितळेची थाळी टांगायची, शेजारी काठी. पाऊस येईल असं ज्याला वाटेल त्याने वाजवायची. बाई असो, हमाल असो. थाळी वाजली की सगळ्यांनी मिरची गोळा करायची, झाकायची. आधी कोणाला विचारायचं नाही. पाऊस नाही आला तरी नंतर कोणी काही बोलायचं नाही.
माझं म्हणणं एवढंच होतं की आधी मला एक फोन करावा. पू. म्हणाली, "तुमचा फोन लागेपर्यंत तर भिजली." मी म्हटलं, मालक कोण आहे इथे? ती म्हणाली, "मिरची ओली होताना ते बघत नाही, पप्पा." पोरगी माझ्यावर गेली आहे, दुसरं काय.

संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. आणि मग सुपडूकडे बघून म्हणालो, "ते नाव मी ठेवलं होतं. माझं चुकलं. आजपासून ते कोणी घ्यायचं नाही."
तो टोपी सारखी करत बसला. मग म्हणाला, "च्या थंडा हुई ऱ्हायना, शेठ."
प्यायलो.

६ डिसें., शनि.
नवा माल पसरला. रंग झकास. वीस तारखेच्या आत होईल, आभाळाने साथ दिली तर.

९ डिसें., मंगळ.
साडेअकराला थाळी वाजली. सुपडूने वाजवली. मी गोदामातून धावत आलो. वर मूठभर ढग, बाकी सगळं निळं. चाळीस माणसं पळापळ करून पाऊण तासात ढीग लावून मोकळी झाली, ताडपत्री घातली.
थेंब नाही. दोन वाजता लख्ख ऊन. ताडपत्रीखाली मिरची घामेजलेली, आणि सगळी पथारी माझ्या तोंडाकडे बघतेय.

ओठांवर एक वाक्य आलं होतं. फार सुंदर होतं. इथेही लिहिणार नाही. खिशातले शेंगदाणे तोंडात कोंबले आणि म्हणालो, "पसरा परत."
पू.: "तोंड बंद होतं, पण कपाळ सगळं बोलत होतं."
तिला वाटतं त्याने मला जोखायला मुद्दाम वाजवली. मला तसं वाटत नाही. वाटलं तरी विचारायची सोय नाही.

१३ डिसें., शनि.
आता सगळेच बोलायला लागलेत. एका बाईने सांगितलं, भिंतीकडच्या बाजूला ऊन उशिरा येतं, तिथे पातळ पसरा. पसरली, फरक पडला. इतकी वर्षं सांगितलं का नाही, हे विचारणार होतो, गिळलं. दुसरा म्हणतो, थाळीऐवजी भोंगा आणा. त्यावर बाया इतक्या हसल्या की मला काही कळेना. जमनाबाईला खोदून विचारलं. इतकी वर्षं बायांनी मला ठेवलेलं नाव भोंगा.
राग आला. संध्याकाळपर्यंत होता. मग सौ.ला सांगितलं तर ती पोट धरून हसली, म्हणून गेला.

१६ डिसें., मंगळ.
उद्याचं एक ऊन मिळालं की झालं. परवा पोती भरायची. पू.ने इंदूरला तसं कळवलं. मुठीत मिरची दाबली की खुळखुळ वाजते. रंग नमुन्यापेक्षा कणभर सरस.

१७ डिसें., बुध.
पथारीवरच लिहितोय. पोत्यांवर बसून.

दु. दीडला तापीकडून आभाळ भरून आलं. वारा सुटला. शेजारच्या दोन्ही पथाऱ्यांनी माल झाकून टाकला. मी लिंबाखाली गेलो आणि काठी हातात घेतली. ज्याला वाटेल त्याने वाजवायची, त्यात मीही आलो. मला वाटत होतं. 

सुपडू आला. धावत नाही, चालत. "शेठ, वाजाडू नका. आज पानी नही येत. आते ढीग लावा तं रंग जाई."
जमनाबाईकडे बघितलं. ती आभाळाकडे बघत होती. 
मी म्हटलं, "सुपडू, नक्की?"
"नक्की कोन सांगस? माले वाटस."
आणि मग अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने माझी चेष्टा केली. "तुमले भरोसा नही व्हई तं वेधशाळाले इचारा."

ते नाव त्याने आपणहून घेतलं. वाजवायला मला कोणी अडवलं नसतं. वाजवली असती तर सगळ्यांनी गोळा केलीही असती, कोणी काही बोललंही नसतं. पण मग यापुढे तो आभाळाकडे बघेल, आणि गप्प बसेल.

काठी त्याच्या हातात दिली.

दोन वाजून दहा. सगळा माल उघडा. वारा पडलाय, ते चांगलं की वाईट मला कळत नाही. पू.चे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. शेजारचे ताडपत्रीजवळ उभे राहून आमच्याकडे बघतायत. सुपडू काठी काखेत धरून पायाने मिरची उलटत फिरतोय. तो एकदाही वर बघत नाही. मीच बघतोय.