जनरलची जीप मी चालवायचो

३ मार्च, सकाळी
नाही, मी फोनपाशी बसलेलो नाही. माझी खुर्चीच तिथे आहे. लोरीन म्हणते कालपर्यंत खिडकीशी होती. बायकांना काहीही आठवतं.
जनरल हॅस्क्यू गेले. एकोणनव्वद. टीव्हीवर कालपासून तेच. दफन आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत, घोडा, तोफा, सगळं. शवपेटीमागे चालायला घरचे लोक जुने सोबती निवडतात. व्हिएतनाममध्ये वर्षभर त्यांची जीप मी चालवली. मला विचारणार, उघड आहे.

४ मार्च
पेपरात अर्धं पान. नेब्रास्कात रेल्वे गँगमनचा पोरगा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी कॉलेजात गणितात नापास, तरी टिकला. कोरियात थंडीने पायाची बोटं गेली. मग व्हिएतनाम, मग चार स्टार. व्हिएतनामला तीन ओळी. ड्रायव्हरचं नाव नाही. जागा कमी पडली असणार.

९ मार्च
जुना युनिफॉर्म काढला. कपाटात ठेवून कापड आटतं. लोरीन म्हणाली, कपाटाला नको रे बोल लावू डेल्बर्ट, पोटाला लाव.
उद्यापासून डोनट बंद.

२२ मार्च
फोन नाही. आर्लिंग्टनला नंबर लागायला महिने जातात म्हणे. बरंच आहे. वजनाला वेळ मिळेल.
व्हेटरन्स हॉलमध्ये, आम्हा माजी सैनिकांच्या अड्ड्यावर, मर्लने सगळ्यांदेखत विचारलं, का रे, तुझ्या जनरलने नाताळचं कार्ड तरी धाडलं का कधी? मी म्हटलं, तू भटारखान्यात होतास, तुला काय कळणार. सगळे हसले. मर्लला हसले.
जनरल तेव्हा कर्नल होते. जीपमध्ये माझ्या शेजारी बसायचे आणि रस्त्यावरची नजर काढायचे नाहीत. बोलणं एकच, सावकाश. जवळच्या माणसाशी फार बोलावं लागत नाही.

१७ एप्रिल
त्यांच्या मुलीला, ज्यूडिथला, मीच फोन केला. उचलला नाही. मशीनवर नाव, नंबर आणि पलटण सांगून ठेवली. उगाच शोधत बसायला नको त्यांना. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा खोकलो.

११ मे
एक डोनट. अर्धाच खाणार होतो.
लोरीनने न सांगता युनिफॉर्मची शिवण उसवून सैल केली. एवढी गप्प का, विचारलं. म्हणाली, तोंडात दोरा आहे. दोरा टेबलावर होता.

२ जून, दुपारी
ज्यूडिथचा फोन आला. मी उभा राहून बोललो.
बाई चांगली आहे. म्हणाली, बाबांना शेवटी काही आठवत नव्हतं हो. आईचं नाव नाही, माझं नाही. फक्त पर्व्हिसला हाका मारायचे. पर्व्हिस, गाडी थांबव. रोज तेच. नर्सलाही तोंडपाठ झालं होतं. हा पर्व्हिस कोण, तुम्ही त्याच पलटणीत होतात, तुम्हाला ठाऊक असेल.
ठाऊक आहे. माझ्या आधीचा ड्रायव्हर. जीप सुरुंगावर गेली. कर्नल बाहेर फेकले गेले, तो आतच राहिला. मिसरूड फुटलं नव्हतं धड. त्याच आठवड्यात मला नव्या जीपवर बसवलं.
तिला सांगितलं. मग म्हणाली, त्याचं कोणी असेल तर पेटीमागे चालायला हवं. मी म्हटलं, बहीण आहे ओहायोला, पलटणीच्या लोकांकडून नंबर काढून देतो.
मग तिने विचारलं, आणि तुम्ही बाबांचे कोण होतात?
मी म्हटलं, मोटार डेपोत होतो.
लोरीन दारात उभी आहे. काय म्हणाली, विचारतेय. तिला सांगणार नाही. ही वहीही दाखवणार नाही.