हार्डविक चषकाचा अठरावा होल

लिहून ठेवणार: भुजंग मुंजाजी कच्छवे, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वीचा धंदा कॅडी, आता काही नाही, राहणार पेडगाव, तालुका व जिल्हा परभणी. कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसा जे,

गेल्या दिवाळीपासून माझे हृदय नीट चालत नाही. डॉ. सुकेशनी यांनी मला तपासून दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार, तारीख आणि दोन वजाबाक्या विचारल्या, त्या मी बरोबर सांगितल्या. पाय साथ देत नाहीत, डोके देते. कोणी दाब टाकलेला नाही, नशापाणी केलेले नाही. मजकूर माझा, अक्षर किशनराव गुरुजींचे. मध्ये मध्ये ते म्हणाले, "भुजंगराव, हे मृत्युपत्रात लिहीत नसतात." मी म्हणालो, "लिहा."

माझी पत्नी केशरबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगा एकच, हरिओम, परभणीला हार्डवेअरचे दुकान चालवतो. सूनबाई निकिता. माझा धाकटा भाऊ गोपाळ २००३ साली गेला. त्याची पत्नी धुरपताबाई गावातच जुन्या घरी राहते. त्यांची मुलगी राजेश्री पाथरीला शिक्षिका आहे.

कलम १. माझ्या वाट्याची पावणेतीन एकर जमीन हरिओमला. पूर्वेच्या बाजूला भगवानरावांनी वर्षानुवर्षे बांध कोरून चार हात तरी आत घेतला आहे. मोजणी करावी की न करावी हे हरिओमने ठरवावे. मी भगवानरावांना कधी एक शब्द बोललो नाही. लोकांना वाटते भुजंग भिडस्त आहे. तसे नाही. दुसऱ्याला सरकवासरकवीबद्दल बोलायला ज्या तोंडाची गरज असते ते माझ्याकडे नाही.

कलम २. केशरबाईची बोरमाळ आणि पाटल्या सूनबाई निकिता हिला. शेवटच्या आजारपणात तिने सासूचे सगळे केले. पोस्टातले पैसेही तिच्याच नावे करावेत, हरिओमने त्यात बोलू नये.

कलम ३. लोखंडी पेटीतल्या अकरा वह्या राजेश्रीला. त्यांत हार्डविक चषकाचा इतिहास आहे. हार्डविक चषक म्हणजे गोल्फची राष्ट्रीय स्पर्धा. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या गवताळ रानात लांब लांब अंतरावर अठरा भोके असतात, त्यांना होल म्हणतात. काठीने बॉल मारत मारत तो कमीत कमी फटक्यांत होलात घालायचा. बॉल जिथे पडेल तिथूनच मारायचा, हलवायचा नाही. कॅडी म्हणजे काठ्यांची थैली खांद्यावर घेऊन खेळणाऱ्याबरोबर चालणारा माणूस. तो वारा बघतो, उतार बघतो, कोणती काठी घ्यावी हे सांगतो. बक्षीस वाटताना तो दोरीच्या बाहेर उभा असतो.

ही स्पर्धा इंग्रजांनी कलकत्त्यात सुरू केली. पहिली कित्येक वर्षे खेळणारे सगळे गोरे साहेब. होलाभोवती हिरवळ नसायची, तेल शिंपडलेली वाळू असायची आणि कॅडी ती फळीने सारखी करायचे. एका वर्षी प्लेगमुळे स्पर्धा झाली नाही. मोठ्या लढाईत चार वर्षे चषक बँकेत ठेवला होता. स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा विजेत्यांच्या फळ्यावर आपल्या माणसाचे नाव लागले, त्या दिवशी कॅडींनी आपसांत पेढे वाटले. नावे कोरायला जागा उरली नाही तेव्हा चषकाखाली चांदीचे कडे जोडले, मग दुसरे, मग तिसरे. हे सगळे स्पर्धा भरवणाऱ्या संघाने छापलेल्या स्मरणिकेतही आहे. स्मरणिकेत नाही ते माझ्या वह्यांत आहे: प्रत्येक वर्षी जिंकणाऱ्याची थैली कोणी वाहिली. साठ वर्षांची नावे मी म्हाताऱ्या कॅडींना विचारून विचारून गोळा केली. त्यांतले बरेचजण माझ्याशी बोलल्यावर वर्षा-दोन वर्षांत गेले. जुन्या नऊ वर्षांची नावे सापडली नाहीत, त्या ओळी कोऱ्या आहेत.

कलकत्त्याच्या एका म्हाताऱ्या कॅडीने आम्हा दोघा भावांना एक गोष्ट सांगितली होती. रेल्वेचा एक इंग्रज इंजिनियर अंतिम सामना खेळत होता. गवतात काठी टेकताना त्याचा बॉल बोटभर हलला. कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतः पंचांना बोलावून सांगितले आणि दंडाच्या त्या एका फटक्याने तो हरला. गोपाळ ही गोष्ट प्रत्येक नव्या कॅडीला सांगायचा. सांगताना उभा राहायचा.

कलम ४. पेटीशेजारी गोणपाटात सात काठ्या आहेत. त्या गोपाळच्या. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या, त्याने दांडे बसवून, तार गुंडाळून तयार केलेल्या. मी १९७० साली पेडगाव स्टेशनवरून गाडीत बसून सिकंदराबादला गेलो आणि कॅडी झालो. पाच वर्षांनी गोपाळला बोलावून घेतले. सोमवारी मैदान बंद असे, तेव्हा कॅडींना खेळू देत. त्या सात काठ्यांवर गोपाळ असा खेळायचा की सुटी असून साहेब लोक बघायला यायचे. १९८७ च्या जानेवारीत संघाने पहिल्यांदा ठरवले की पुढच्या वर्षीपासून प्रत्येक मैदानावरचा एक कॅडी हार्डविकच्या चाचणीत खेळेल. आमच्या मैदानाच्या यादीत पहिले नाव गोपाळचे होते. या काठ्या कोणाला द्याव्यात हे मला ठरवता आलेले नाही. त्या विकू नयेत एवढेच लिहितो.

कलम ५. हे कलम मिळकतीचे नाही. हे वाचताना गावातले लोक हजर असावेत.

फेब्रुवारी १९८७ मध्ये हार्डविक चषकाचा अंतिम सामना कलकत्त्याला झाला. एका बाजूला कल्याणराव शेटे, मूळ जिंतूरचे, कापसाचे व्यापारी, हैदराबादला स्थायिक. त्यांची थैली माझ्या खांद्यावर. समोर दिल्लीचा एक तरुण. त्याचा कॅडी ऐनवेळी आजारी पडला म्हणून माझ्याबरोबर आलेल्या गोपाळने त्याची थैली घेतली. सख्खे भाऊ समोरासमोर आले याचे सगळ्यांना कौतुक वाटले. एका वर्तमानपत्रवाल्याने सकाळी आमचा फोटोही काढला.

सतरा होल झाले तेव्हा दोघे बरोबरीत होते. अठराव्यावर कल्याणराव साहेबांचा बॉल झाडीत गेला. ते मागे थांबले आणि मला म्हणाले, "भुजंग, पुढं जाऊन बघ. बॉल चांगल्या जागी असंल, असं वाटायलंय मला."

मी गेलो. बॉल मुळाच्या बेचक्यात अडकलेला होता. तिथून मारणे शक्य नव्हते. मी थैली खाली ठेवली आणि बुटाच्या टोकाने बॉल वीतभर बाहेर काढला. एवढेच. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ लागला.

समोरच्या उतारावरून गोपाळने पाहिले. त्याने पंचांना थांबवले. पंच माझ्यापाशी आले आणि विचारले, "बॉल को हाथ लगाया?"

मी म्हणालो, "हाथ नहीं लगाया, साहब."

गोपाळ म्हणाला, "दादा, हातानं न्हाई. पायानं. पायानं सरकवलास तू."

पंच माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तेव्हा हिंदीत बोललो ते मराठीत जसेच्या तसे लिहून ठेवतो: "साहेब, हा माझा धाकटा भाऊ आहे. आमचं गावाकडं वाटणीवरून भांडण आहे. तो राग इथं काढायलाय."

पंचांनी मान डोलावली. वाटणीचे भांडण त्यांना पटले, कारण ते सगळीकडे असते. कल्याणराव साहेबांनी फटका मारला, होल जिंकला, चषक जिंकला. दिल्लीचा तरुण हात मिळवून निघून गेला. संध्याकाळी कमिटी बसली. गोपाळने खोटी तक्रार करून सामन्यात व्यत्यय आणला असे ठरले. त्याचे कॅडीचे कार्ड काढून घेतले आणि चाचणीच्या यादीतून नाव कमी केले. देशातल्या सगळ्या मैदानांना पत्रे गेली.

कार्ड देऊन तो बाहेर आला तेव्हा मी फाटकापाशी उभा होतो. तो ओरडला नाही. म्हणाला, "दादा, आपली वाटणी कवा झाली?"

त्याने सोबत आणलेल्या सात काठ्या माझ्या पायाशी ठेवल्या आणि चालत गेला. तेव्हापासून त्या माझ्याकडे आहेत. गावी आल्यावर त्याने वडिलांना सांगून खरोखरच वाटणी करून घेतली. मग तो परभणीच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. सोळा वर्षे मी सुटीला गावी येत राहिलो, शेतही एका बांधाला, पण तो माझ्याशी एकदाही बोलला नाही. आई वारली तेव्हा तिरडीला खांदा दिला, पण माझ्या पलीकडच्या बाजूने.

मी हे का केले? साहेबांनी मला काही कबूल केले नव्हते. सतरा वर्षे मी हरणाऱ्यांच्या थैल्या वाहिल्या होत्या, एकदा आपला माणूस जिंकावा असे वाटले. आणि गुरुजींना सांगतानाही लाज वाटते, पण लिहा म्हणालो: गोपाळ पुढच्या वर्षी दोरीच्या आतून खेळणार आणि मी कोणाची तरी थैली घेऊन ते बघणार, हे मला सहन होत नव्हते.

गोपाळच्या दहाव्यानंतर मी हैदराबादला कल्याणराव साहेबांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, आता तरी सांगू." ते चहा पीत होते. म्हणाले, "भुजंग, मी तुला काय म्हणालो होतो? बॉल चांगल्या जागी असंल, एवढंच ना?" त्यांना ते वाक्य सोळा वर्षांनंतर जसेच्या तसे पाठ होते. यावरून जो अर्थ काढायचा तो वाचणाऱ्याने काढावा. ते गेल्या वर्षी वारले. पेपरात 'हार्डविक विजेते' म्हणून छापून आले.

कलम ६. साहेब वारल्यावर मी संघाला रजिस्टर पत्र पाठवून सगळे कळवले. उत्तर आले, सभ्य भाषेत होते: निकाल जाहीर झाल्यावर सामना पुन्हा उघडता येत नाही, पंच हयात नाहीत, फळ्यावरचे नाव तसेच राहील. गोपाळविरुद्धचे पत्र रद्द करण्याबद्दल त्यात काही नव्हते. माझ्या मागे हरिओमने या मृत्युपत्राची नक्कल त्यांना पुन्हा पाठवावी. उत्तर येणार नाही. तरी पाठवावी.

कलम ७. घर. पेडगावचे तीन खोल्यांचे सिमेंटचे घर कल्याणराव साहेबांनी १९८७ सालीच मला बांधून दिले. मी मागितले नव्हते, नाहीही म्हणालो नाही. सिकंदराबादला कॅडींचा मुकादमही मला त्यांनीच केले. तिथून मी २०१२ साली रिटायर झालो.

श्रावणात केलेल्या पहिल्या कच्च्या मसुद्यात मी हे घर धुरपताबाईच्या नावे लिहिले होते. तो कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो, गुरुजी सोबत होते. लग्न होऊन आल्यापासून धुरपताबाई माझ्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढून, भिंतीकडे तोंड करून बोलत आली आहे. मी ओट्यावर बसलो आणि अठराव्या होलाची हकीकत पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने सांगितली. ती गहू निवडत होती. तिचे हात थांबले.

"पायानं?" तिने विचारले.

मी म्हणालो, "हो. पायानं."

तिने पदर मागे सारला आणि माझ्याकडे सरळ बघितले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "भावजी, त्यायनी मला ह्यातलं कायबी सांगितलं न्हाई. नोकरी गेली, एवढंच म्हणाले. पण शेवटच्या तापात सारखे म्हणायचे, 'पायानं, पायानं.' मला वाटलं पाय दुखायलेत. मी नऊ दिवस तेल घेऊन त्यायचे पाय चोळत बसले."

गुरुजी उठून अंगणात गेले.

मी कागद पुढे केला. घर तुझ्या नावे केले आहे म्हणालो. तिने तो हातात घेतला नाही. विचारले, "ह्याच्यावर सही कोण कोण करतंय?"

गुरुजी दारातून म्हणाले, "दोन साक्षीदार लागतात. एक मी."

"दुसरी मी करते."

गुरुजींनी समजावून सांगितले की ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोर्टात कोणी वाद काढला तर घर हातचे जाईल. साक्षीला दुसरे कोणीही मिळेल.

ती म्हणाली, "गुरुजी, मग घर काढून टाका. राजेश्रीच्या नावानंबी टाकू नका. त्या घरात मी कशी झोपू? पण सही मीच करणार."

मी म्हणालो, "धुरपता, मला दुसरं काही देता येत नाही."

ती म्हणाली, "मला ठावं हाय, भावजी." आणि पुन्हा गहू निवडू लागली.

म्हणून हे घर मी हरिओमला देत आहे. तो हे वाचेल तेव्हा त्याला कळेल की ज्या छपराखाली तो लहानाचा मोठा झाला ते कशाचे आहे. वडील म्हणून मी त्याला ही गोष्ट जिवंतपणी सांगायला हवी होती. दोन वेळा तोंड उघडले, दोन्ही वेळा दुकानाचे बोललो. घर ठेवावे, विकावे की पाडावे, त्याची मर्जी.

कलम ८. दहाव्याला जेवणावळ घालू नये. त्या दिवशी मारुतीच्या पारावर किशनराव गुरुजींनी कलम पाचवे मोठ्याने वाचावे. ते नसल्यास राजेश्रीने, तिची इच्छा असेल तर.

यापूर्वीचे सर्व कागद रद्द समजावेत. वर लिहिलेले मी वाचून घेतले, ते माझे आहे आणि खरे आहे. खाली दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करतो.

ठिकाण: पेडगाव, तालुका व जिल्हा परभणी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

(सही) भुजंग मुंजाजी कच्छवे

साक्षीदार पहिला: किशनराव, निवृत्त शिक्षक, पेडगाव. लिहून ठेवणाराने माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरी: मी धुरपताबाई गोपाळ कच्छवे, राहणार पेडगाव. गुरुजींनी कागद मला दोनदा वाचून दाखवला. भावजींनी माझ्यादेखत सही केली. मला ह्यातलं काही मिळत नाही. माझे मालक खरं बोलले होते.

(सही) धुरपताबाई