शमीमची दहा मिनिटं

रत्नागिरी, रविवार, १९ जानेवारी २००३

आज वाचनालयात दहा-दहा मिनिटांची भाषणं होती. माझी धाकटी बहीण शमीम जन्मापासून बहिरी. ती खुणांनी बोलणार आणि मी ते मोठ्याने सांगणार, असं ठरलं होतं. विषय, न ऐकता समुद्र कसा कळतो. तिच्या हातांतून लाट उठली आणि सगळे पुढे सरकून बसले.

मग तिने न ठरलेलं सुरू केलं. "घरात माझ्या लग्नाचं चाललंय. माझ्यासमोरच बोलतात, पण मला कोणी विचारत नाही."

मी अडखळले. अब्बा पहिल्याच रांगेत. गाळलं असतं तर कोणाला कळलं असतं? पण तिची नजर माझ्या ओठांवर होती. सगळं सांगितलं. बरंच केलं. उद्या पुन्हा वेळ आली तरी सांगेन.

अब्बांना जेवण, पाणी, एवढ्याच खुणा येतात. घरी आल्यावर मला म्हणाले, "'तुला काय हवंय?' हे तिला खुणांनी कसं विचारायचं? दाखव मला."

मी दाखवलं. त्यांचे हात दोनदा चुकले, मग जमलं. शमीम उत्तर देऊ लागली, ते बरंच लांब होतं. अब्बा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.