बाविसाव्या पानावरचं धोतर

सोलापूर, ता. १ नोव्हेंबर १९४३
चि. वीरभद्र यास अ. उ. आ.
वि. वि. तुझं कार्ड आलं आणि मी ताटावरून उठून लिहायलाच बसलो. गुरुवारी जळकोटच्या वाचन मंडळात 'फोडणीचे श्लोक' वाचणार म्हणतोस. अरे बाबा, त्या पुस्तकावरच्या टोपणनावामागं मी आहे! हे तुझ्या अक्काशिवाय कुणालाच ठाऊक नाही. आणि बाविसाव्या पानावर मामा, म्हणजे तुझे अप्पा आहेत. लग्नात भर मांडवात त्यांनी माझं धोतर हातानं मोजलं, ते सगळं:
अक्षता थांबल्या हातांमध्ये, थांबले सनई-चौघडे;
सासरे वदले, वीतभर की हो, धोतर भरले तोकडे!
मंडळाचे अध्यक्ष मामाच. मंडळातल्या बंडप्पांनी त्यांच्या पगडीची थट्टा केली, तर मामांनी दोन वर्षं त्यांच्या घरी पाऊल टाकलं नाही. तुझी अक्का बाळंतपण आटोपून सोमवारी निघायची आहे. मामा बिथरले तर पाठवायचे नाहीत, आणि मी अजून लेकीचं तोंड पाहिलेलं नाही. तेवढं पान फाड. लोभ असेल तर तो आत्ताच दाखव.
तुझा दाजी, सिद्धलिंग

जळकोट, ता. ५ नोव्हेंबर
ती. दाजींस शि. सा. शरणार्थ.
वि. वि. सुटलात! पत्र पोचलं तेव्हा पुस्तक अप्पांच्याच हातात होतं. सभेला परवानगी मिळाली, पण निजामाच्या ठाण्यातून एक जमादार पहाऱ्याला येऊन बसला. शंकरप्पा मास्तर म्हणाले, हसवतं ते काव्यच न्हाय. त्यावर तासभर भांडण. मग बाविसावं पान आलं. सासरे कोण ते ओळखून सगळे सतरंजीकडं बघू लागले. आणि अप्पा पोट धरून हसले! म्हणाले, हा तर आपला बंडप्पाच, लई बेस धरलाय. जमादारानं पुन्हा वाचायला लावलं. बंडप्पा बिचारे व्हय व्हय म्हणत राहिले. अक्का सोमवारी नक्की निघते. आमच्यावर लोभ ठेवा, कविता मात्र करू नका.
आपला, वीरभद्र

जळकोट, ता. ७ नोव्हेंबर
चि. सिद्धलिंगराव यांसी महालिंगप्पाचे आशीर्वाद.
वि. वि. गौरा व बाळ खुशाल आहेत, उद्याच्या मोटारीनं येतील. तुमचं पुस्तक दोनदा वाचलं. चार लोकांत अध्यक्षानं कुणाचं तरी नाव घ्यावंच लागतं, म्हणून बंडप्पाचं घेतलं. काल त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आलो.
बाविसाव्या पानावर चूक आहे. धोतर वीतभर नव्हे, चांगलं हातभर कमी होतं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करावं. गौराबरोबर दहा हाती धोतरजोडी पाठवली आहे. मी स्वतः मोजली आहे, तरी मोजून घ्यावी.
आमचा लोभ मोजू नये, तो कमी भरणार नाही.
महालिंगप्पा